सहाव्या उत्तरापुढची आडवी रेघ

हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. पत्नीला नाही, मुलाला नाही, ज्यांच्यासोबत रोज सकाळी मलकापूरच्या स्टेशनपर्यंत फिरायला जातो त्या दोघा-तिघांनाही नाही. तुम्हाला सांगतो आहे, याचं कारण तुम्ही मला ओळखत नाही — आणि ओळखत असाल, तर या पानावर माझं नाव नसल्याने तुम्हाला ते सिद्ध करता येणार नाही. पाहिलंत? कबुलीच्या पहिल्याच परिच्छेदात मी माझा बचाव शोधून ठेवला. पुढचं वाचताना हे लक्षात असू द्या.

मी निवृत्त शिक्षक आहे. एका कनिष्ठ महाविद्यालयात — त्याचं नाव देत नाही, कारण दोष त्या संस्थेचा नव्हता — मी तीसेक वर्षं गणित शिकवलं. गावात मात्र मला गणितासाठी कोणी ओळखत नाही. ओळखतात ते अर्जांसाठी. ज्याला मी पत्र लिहिलेलं नाही, असं कार्यालय या तालुक्यात शोधावं लागेल. विषय, संदर्भ, मुद्देनिहाय तक्रार, सहपत्रांची यादी आणि शेवटी पोच. पोच घेतल्याशिवाय मी कोणत्याही टेबलासमोरून हललेलो नाही. एकदा एका कारकुनाने नोंदवहीतली तारीख खोडून दुसरी घातली होती. मी नोंदवहीच्या साक्षांकित प्रती मागवल्या, दोन अपिलं केली, आणि खाडाखोड आपणच केली असं त्याच्याकडून लेखी घेतलं. लोक तो किस्सा अजून सांगतात. सांगताना माझ्याकडे कौतुकाने बघतात. त्या वेळी मी खाली बघतो. ते विनयाने, असा त्यांचा समज आहे.

माझा राग खोटा नाही, एवढं मात्र मान्य करा. कागद बदलणाऱ्या माणसाची मला मनापासून चीड येते. त्याची बोटं कशी चालतात, तो दाराकडे कसा बघतो, काम झाल्यावर त्याचा आवाज एकदम कसा शांत होतो — हे सगळं मी एखाद्या वकिलापेक्षा बारकाईने सांगू शकतो. ते मला कुठून कळलं, असं मला आजवर कोणी विचारलेलं नाही.

थोडं गणित सांगावं लागेल. कंटाळू नका. गुन्हा समजून घ्यायचा, तर जागेचा पंचनामा आधी हवा.

अकरावीला त्रिकोणमितीत मोठे कोन येतात. साइन बाराशे तीस, कोसाइन पंधराशे साठ, असे. मुलं आकड्यालाच घाबरतात. वास्तविक त्यात घाबरण्यासारखं काही नसतं. कोन म्हणजे फिरणं. तीनशे साठ अंशांना एक फेरी पूर्ण होते आणि आपण निघालो तिथेच परत येतो. म्हणून आधी पूर्ण फेऱ्या वजा करायच्या. उरलेला कोन चार चरणांपैकी कोणत्या चरणात पडतो, ते पाहायचं. त्यावरून उत्तर धन की ऋण, ते ठरवायचं. मग एकशेऐंशीच्या किंवा तीनशे साठच्या मदतीने नव्वदच्या आतला ओळखीचा कोन काढायचा. या चार पायऱ्या मी वहीत चार ओळींवर लिहून घेत असे, आणि एक ओळ गाळली तरी गुण कापत असे. उत्तर बरोबर आहे म्हणून वाद घालणाऱ्यांना माझं ठरलेलं वाक्य होतं: उत्तर कुठूनही मिळू शकतं, पुरावा पायऱ्यांत असतो.

म्हणजे मी गणित शिकवत होतो की साठ मुलांवर पाळत ठेवत होतो? दोन्ही, असं आज वाटतं. परीक्षेत कोणी छताकडे बघितलं, तर मीही छताकडे बघत असे.

पंचवीसएक वर्षांपूर्वी माझ्या अकरावीच्या वर्गात एक मुलगी होती. तिला सुनंदा म्हणू. मलकापूरपासून बसने अर्ध्या तासावरच्या खेड्यातली. घरी भाजीपाल्याची शेती — वांगी, मिरची, सांभार म्हणजे कोथिंबीर. बाप आणि त्याचे तीन भाऊ, चौघांची एकत्र विहीर. वर्गात ती कधी काही विचारत नसे. तिला शहरात शिकायला पाठवण्याला तिच्या काकांचा विरोध होता. पोरीबद्दल एकही बोल ऐकू आला तर तिला घरी बसवीन, या अटीवर बापाने त्यांना गप्प केलं होतं. हे मला तेव्हा माहीत नव्हतं —

थांबा. हे खोटं आहे. मला माहीत होतं. चौकशीच्या आदल्या दिवशी प्राचार्यांनी मला ते सांगितलं होतं. माहीत नव्हतं असं लिहून पुढे जायला मी निघालो होतो.

सहामाही परीक्षेच्या गठ्ठ्यात तिची उत्तरपत्रिका वरून चौथी होती. मोठ्या कोनांचे आठ उपप्रश्न मी घातले होते. तिने आठही सोडवले होते, पायऱ्यांशिवाय. एकेका ओळीत एकेक उत्तर. समासात मात्र बारीक आकडे होते. पहिल्या, साइन बाराशे तीसच्या उत्तराशेजारी तेरा, एक, साठ. सहाव्या उत्तराशेजारी सतरा, एक, तीस. ते पाहून माझ्या कानशिलात रक्त चढलं. ही सांकेतिक खूण नव्हे तर काय? कोणीतरी तिला आकडे पुरवले आणि तिने ते समासात टिपून घेतले. आणि आमचा शिपाई तिच्याच गावचा होता.

उत्तरसूची माझ्या कपाटात होती आणि त्याची किल्ली माझ्या खिशातून कधी बाहेर निघत नसे, हे मला ठाऊक होतं. तरीही शिपाई तिच्याच गावचा होता, हे मला जास्त ठाऊक होतं.

मी पहिली तीन उत्तरं पाहिली. बरोबर होती. तेवढं मला पुरलं. त्याच तासाला मी प्राचार्यांना दोन पानी पत्र लिहिलं. त्यातलं एक वाक्य मला अजून तोंडपाठ आहे: ‘सदर विद्यार्थिनीची आठही उत्तरे माझ्या कपाटातील उत्तरसूचीशी तंतोतंत जुळतात, सबब उत्तरसूची परीक्षेपूर्वीच फुटली असल्याच्या संशयास सबळ जागा आहे.’ आठही. तपासली होती तीन. पत्राची एक प्रत मी संस्थेच्या अध्यक्षांकडे पाठवली आणि एकीवर पोच घेतली.

प्राचार्य मवाळ गृहस्थ होते. त्यांनी पत्र वाचून चष्मा काढला आणि म्हणाले, “पोरगी हुशार दिसते, सर. समज देऊन सोडू.” हुशारी हा आरोपीचा बचाव होऊ शकत नाही, असं मी त्यांना सुनावलं. त्या वाक्याचा मला पुढे बरेच दिवस अभिमान वाटत होता. मग त्यांनी तिच्या घरची अट सांगितली. मी म्हणालो, घरच्या अटी चौकशीच्या कक्षेत येत नाहीत. दुसऱ्या दिवशी अकराला समितीची बैठक ठरली. उत्तरपत्रिका आणि माझी उत्तरसूची मी तिथे सादर करायची होती.

बैठकीच्या आदल्या दुपारी मी तिला शिक्षकांच्या खोलीत बोलावलं. दुसरं कोणी नव्हतं. हे आकडे कशाचे, कोणी दिले, एवढंच मी विचारलं. ती आधी घाबरली. मग बोलायला लागली, आणि बोलता बोलता तिची भीती गेली — आपल्याला येणारी गोष्ट सांगताना माणसाची जाते तशी.

“सर, आमच्या इहिरीवर चार भावायची पाळी असते. दीड-दीड घंट्याची. लाइट मधातच जाते, मंग कोणाची पाळी कुठं आली यावरून भांडणं होते. म्हणून मोटार किती मिनिटं चालली ते मी लिहून ठेवते. तुमचे चार चरण म्हंजे आमचे चार भाऊच हायेत, सर.”

दीड तास म्हणजे नव्वद मिनिटं. तुमच्या लक्षात आलं का? माझ्या आलं — ती पुढे बोलायच्या आतच आलं. मोटार बाराशे तीस मिनिटं चालली, तर तेरा पाळ्या पूर्ण झाल्या आणि पुढच्या पाळीची साठ मिनिटं गेली. तेरातून चार-चारच्या फेऱ्या काढल्या की एक उरतो. म्हणजे थोरल्या भावाचं झालं, आता दुसऱ्याची पाळी चालू आहे. दुसरा भाऊ, दुसरा चरण. तिथे साइन धन. झालेल्या पाळ्या विषम असल्या तर साइनच्या जागी कोसाइन घ्यायचं, हा नियम तर मीच शिकवला होता. कोसाइन साठ, उत्तर अर्धा. समासातले तेरा, एक, साठ म्हणजे हेच. खूण नव्हती, हिशेब होता. तिच्या त्याच पायऱ्या होत्या.

मी तरीही तिला पेपरात नसलेला कोन घातला: टॅन दोन हजार पंचवीस. ती खिडकीबाहेर बघत बोटांवर पुटपुटली. “बावीस पाळ्या झाल्या. दोघाइचं सरलं. तिसऱ्याची, म्हंजे माह्या बाबाची चालू हाय, पंचेचाळीस मिनिटं गेले. एक, सर. उत्तर एक.”

उत्तर एकच येतं. माझ्या रीतीने मला ते काढायला तिच्या दुप्पट वेळ लागला असता. इतकी वर्षं मी हे नियम शिकवत होतो. कोणताही कोन एकदा नव्वदने भागला की काम संपतं, इतकी सरळ गोष्ट मला कधी वर्गात मांडावीशी वाटली नव्हती. मी तिला शाबास म्हणालो नाही. बघू, असं म्हणून तिला पाठवून दिलं.

आता मी मुद्द्यावर येतो. मघापासून त्याच्या भोवती फिरतो आहे, हे तुम्ही ओळखलं असेलच.

ती गेल्यावर मी कपाट उघडलं, उत्तरसूची काढली आणि तिच्या उत्तरांशी एकेक ताडून पाहिली. पाच जुळली. सहावं जुळलं नाही. कोसाइन पंधराशे साठ. माझ्या सूचीत अर्धा होता. तिच्या कागदावर उणे अर्धा. मला आधी आनंद झाला, तोही नोंदवून ठेवा. चुकली, असं मी मनात म्हणालो. मग गणित केलं. चार फेऱ्या वजा जाता एकशे वीस उरतात. दुसरा चरण. कोसाइन तिथे ऋण. मी सूची करताना चरण बरोबर लिहिला होता आणि चिन्ह विसरलो होतो. ज्या चिन्हासाठी मी पोरांचे गुण कापत होतो, तेच.

या विसंगतीचा अर्थ काय होतो, ते कायद्याच्या भाषेत मांडतो. ती मला येते. तिने माझी सूची चोरली असती, तर माझी चूकही तिच्या कागदावर आली असती. ती आली नव्हती. यापेक्षा निखळ पुरावा कोणत्या आरोपीला कधी मिळाला असेल? आणि तो माझ्याच अक्षरात, माझ्याच कपाटात होता. पण ‘आठही उत्तरे तंतोतंत जुळतात’ हे वाक्य अध्यक्षांच्या टेबलावर पोचलं होतं. उद्या अकरा वाजता हे दोन कागद शेजारी-शेजारी ठेवले जाणार होते. त्यात एक गणिताचा शिक्षक गणितात चुकलेला दिसणार होता, आणि न तपासता लेखी आरोप करणारा माणूस म्हणून उघडा पडणार होता.

मी दाराकडे बघितलं. खिशातलं तेच निळ्या शाईचं पेन काढलं. सूचीवरच्या सहाव्या उत्तरापुढे एक आडवी रेघ ओढली. उणे अर्धा. रेघ तांदळाच्या दाण्याएवढी असेल. शाई वाळेपर्यंत मी फुंकर घातली. नंतर शिपायाने चहा आणला, तेव्हा त्याच्याशी मी फार शांतपणे बोललो.

हे मी केलं.

दुसऱ्या दिवशी आठही उत्तरं तंतोतंत जुळली. समितीवर प्राचार्यांसोबत एक मराठीचे आणि एक इतिहासाचे शिक्षक होते. सुनंदाने पाळ्यांचं गणित त्यांनाही सांगितलं. त्यांना ते कळलं नाही आणि ते माझ्याकडे बघत राहिले. मी म्हणालो, उत्तरं हाती आल्यावर मागाहून रचलेली ही गोष्ट आहे. प्राचार्यांना मात्र काहीतरी खटकत असावं. त्यांनी मला सरळ प्रश्न केला, “सर, पद्धत बरोबर आहे की चूक, एवढंच सांगा.”

त्या क्षणी मला एक शब्द बोलायचा होता, आणि दोन शब्दांपैकी कोणताही बोलण्याची मला मोकळीक होती. मी “चूक” म्हणालो. तेवढ्यावर न थांबता तिच्याकडे वळून म्हणालो की विहिरीच्या पाळ्या मोजून त्रिकोणमिती होत नसते. ती रडली नाही. तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते रडण्यापेक्षा वाईट होतं: तिला ते पटलं. माझ्यावर, एका शिक्षकावर तिचा विश्वास होता. आपलंच गणित कुठे चुकलं ते शोधायला लागल्यासारखी ती टेबलाकडे बघत होती.

निर्णय फार कडक नव्हता. तो पेपर रद्द आणि लेखी समज, एवढाच. शिपायावर काही सिद्ध झालं नाही. तरी परीक्षेच्या दिवसांत त्याला पुन्हा कपाटाजवळ उभं करण्यात आलं नाही. पण समजपत्र वडिलांच्या सहीसाठी घरी जाणार होतं. वडील स्वतःच आले. धोतरावर मिरचीच्या रोपांचा चिखल तसाच होता. प्राचार्य त्यांना खुर्ची देत होते आणि ते उभेच राहिले. मुलीची बाजू ऐकून घ्या, असं प्राचार्य दोनदा म्हणाले. वडिलांनी माझ्याकडे बघून हात जोडले. “सर म्हणते त खरंच असन.” बस. आठवड्याच्या आत तिचं नाव पटावरून कमी झालं. पुढे तिचं लग्न झाल्याचं मला कळलं ते दुसऱ्याच कोणाकडून तरी.

तो कारकून, ज्याच्याकडून मी खाडाखोडीची कबुली लिहून घेतली — त्याने माझ्यापुढे सही केली, तेव्हा मला काय वाटलं असेल? समाधान. खरंच समाधान वाटलं. म्हणून माझ्या पश्चात्तापावर माझा स्वतःचाच भरवसा नाही. आज मी हे लिहितो आहे त्यामागेही, या वयात आपण प्रामाणिक ठरावं असा काही डाव नसेल कशावरून?

आणि हे सगळं जुनं आहे, असंही समजू नका. जुनं असतं तर कदाचित मी लिहिलंही नसतं.

गेल्या हिवाळ्यात एका दुपारी एक बाई माझ्याकडे अर्ज लिहून घ्यायला आल्या. पिंपळगाव राजाकडून. त्यांच्या शिवारातली डीपी, म्हणजे विजेचा ट्रान्सफॉर्मर, जळून तीन आठवडे झाले होते, मोटारी बंद, वांगी सुकत चाललेली, आणि वीज कार्यालयात कोणी दाद देत नव्हतं. तुमच्या अर्जाले ते भेतात म्हणते लोक, असं त्या म्हणाल्या. मी नाव विचारलं. त्यांनी सासरचं सांगितलं, आणि मग सहज म्हणाव्या तशा म्हणाल्या, “सर, मी सुनंदा. तुमच्या अकरावीत होती.”

त्यांचा मोबाइल टेबलावर पालथा पडला होता. माझ्या मनात पहिला विचार काय यावा? ही माझं बोलणं टिपून घेते आहे. मी त्यांना फोन पिशवीत ठेवायला सांगितलं. त्यांनी काही न विचारता ठेवला. अर्ज हे निमित्त आहे, कोणीतरी हिला पाठवलं आहे, कोणत्याही क्षणी ती विषय काढेल, या धास्तीत मी तीन पानी अर्ज लिहिला. उत्तम लिहिला. पोच कशी मागायची तेही समजावलं. त्या उठल्या, दारापर्यंत गेल्या, चपला घालता घालता थांबल्या.

“सर, एक इचारू का? माही पोरगी अकरावीले हाय. मोठ्या कोनायले लय भेते. मले ते पाळीचं गणित अजून येते. पण तुम्ही चूक म्हणले होते, म्हणून तिले कधी सांगतलं नाही. खरंच चूक होतं का ते?”

मी त्या वाक्यात टोमणा शोधला. आयुष्यभर मी हेच करत आलो. माझ्या नजरेतून टोमणा सुटत नाही. तिथे नव्हता. ती जाब विचारत नव्हती. तिला फक्त पोरीला शिकवायचं होतं, आणि ज्या माणसाने मनाई केली होती त्याची परवानगी ती मागत होती. इतकी वर्षं तिने माझा एक शब्द आदेशासारखा पाळला होता.

घरात कोणी नव्हतं. समिती नव्हती, अध्यक्ष नव्हते, नोकरी नव्हती. गमावण्यासारखं माझ्याकडे काही उरलेलं नव्हतं.

मी म्हणालो, “इतक्या जुन्या गोष्टी आता आठवत नाहीत.”

“मंग राहू द्या, सर,” ती म्हणाली. “नाही सांगत तिले. उगीच पोरीचे मार्क जायचे.”

तिने वाकून नमस्कार केला आणि गेली. पंधरा दिवसांत डीपी बसली, असा तिचा निरोप आला. अर्जाच्या माझ्याकडच्या प्रतीवर तिचा पूर्ण पत्ता आहे. मी त्या पत्त्यावर काहीही लिहिलेलं नाही.

पद्धत बरोबर होती. ती कोणत्याही कोनाला चालते. आठही उत्तरं तिची स्वतःची होती. आणि त्या दुपारी ती दारात उभी असताना मला सगळं आठवत होतं. कोसाइन पंधराशे साठसुद्धा.